सांतानची मिस्सा

आमच्या रहाटआळीत मे महिना क्रुसाचा असे. आळीच्या तिठ्यावर एक दगडी क्रूस होता. वर्षभर त्याच्याकडे कोणी फारसं पाहत नसे, पण एप्रिलच्या अखेरीस त्याला चुना लागे, मग रोज ताजा हार पडे, आणि संध्याकाळची घंटा झाली की आळीतली माणसं तिथे जपमाळेला जमत. बायका पायरीवर आणि सतरंजीवर, पुरुष मागे बांधाला टेकून, मुलं कुठेही. प्रार्थना संपली की उकडलेले चणे आणि खोबऱ्याचे तुकडे केळीच्या पानावर वाटले जात. चण्यांची पाळी प्रत्येक घराची ठरलेली होती, आणि कोणाच्या चण्यांत मीठ कमी पडलं याची आठवण पुढल्या मे महिन्यापर्यंत टिके. चणे खाऊन लोक लगेच उठत नसत. तेवढ्या वेळात पास्कोल मास्तर चर्चच्या मासिकातून एखाद्या संताचं चरित्र वाचून दाखवत. ज्या वर्षाबद्दल मी लिहिते आहे त्या वर्षी मास्तरांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं, आणि वाचायला कोणी नव्हतं.

आमचं घर क्रुसापासून तिसरं. पुढे ओटी, मागे केळी, केळींच्या पलीकडे बावखल. बावखल म्हणजे वाडीतलं तळं. पावसाचं पाणी त्यात साठायचं आणि त्यावर बाग जगायची. आळीला रहाटांवरून नाव पडलं असलं तरी माझ्या लहानपणी रहाट गेले होते आणि त्यांच्या जागी डिझेलची इंजिनं आली होती. पहाटे बाबा इंजिन चालू करत. त्याचा आवाज सुरू झाला की दिवस सुरू झाला, आणि तो मध्येच थांबला की आय चुलीपासून ओरडे, "काय झालं?" घरात सुकेळ्यांचा वास असे. राजेळी केळी सोलून आय मांडवावर उन्हात घाली, रोज उलटी करी, रस आटून ती मधाच्या रंगाची झाली की पानात बांधी. बाबा कमी बोलत. आय सगळ्यांच्या वाटचं बोलायची.

मी तेव्हा एका स्थानिक साप्ताहिकात वार्ताहर होते. संपादकांना सगळे अण्णा म्हणत. सोपाऱ्यात त्यांचं ऑफिस होतं, खाली छपाईची मशीन, वर दोन टेबलं. अण्णांनी मला जे शिकवलं ते थोडक्यात सांगता येतं. कोण, कुठे, केव्हा, हे आधी. माणसाचं नाव त्यालाच विचारून लिहायचं. विशेषण दिसलं की कापायचं. "तुला दुःख झालं असेल तर ते तुझ्याकडे ठेव," ते म्हणत, "वाचकाला फक्त काय झालं ते सांग. त्याचं तो बघेल." मी ग्रामपंचायतीच्या सभा, विहिरींचे वाद, रस्त्यांची उद्घाटनं लिहिली. आणि त्याच भाषेत, कारण मला दुसरी येत नव्हती, एक कादंबरी लिहिली.

कादंबरी एका माणसाची होती. सांतान, बागायतदार, तीन भावांत मधला. तो भावांना न सांगता आपल्या वाट्याची वाडी बिल्डरला विकतो. बिल्डर बावखल मातीने भरतो. उरलेल्या बागांचं पाणी तुटतं. आळी सांतानशी बोलणं टाकते. तो कळंबला जाऊन एका होडीवर कामाला लागतो, आणि एका सकाळी होडी परत येते, सांतान येत नाही. दोन दिवसांनी समुद्र त्याला किनाऱ्यावर आणून टाकतो. भाऊ त्याला पुरतात, कारण पुरावंच लागतं. आमच्यात माणूस गेला की सातव्या दिवशी त्याच्या आत्म्यासाठी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे प्रार्थनाविधी, ठेवतात, मग महिन्याची, मग वर्षाची. मिस्साआधी त्याचं नाव वाचलं जातं. कादंबरीचं शेवटचं वाक्य होतं: सातव्या दिवशी चर्चमध्ये सांतानचं नाव कोणी घेतलं नाही.

सांतानला मी आडनाव दिलं नव्हतं. आमच्या धर्मग्रामात, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावांत, आडनावं मोजकी. कुठलंही दिलं असतं तरी चार घरं भांडायला आली असती.

हस्तलिखित मी मुंबईच्या एका प्रकाशकांना दाखवलं होतं. त्यांनी ते मनापासून वाचलं होतं, हे मान्य केलं पाहिजे. ते म्हणाले, लेखन चांगलं आहे, पण वातावरण आपल्या वाचकाला परकं वाटेल; सांतानच्या जागी संतोष चालेल का, आणि चर्चऐवजी देऊळ? मी म्हटलं, मग सातव्या दिवसाचं काय करायचं? त्यांनी चहा मागवला. दुसरीकडे चर्चशी जोडलेला एक छापखाना होता. तिथे संतचरित्रं, प्रार्थनापुस्तकं आणि लग्नपत्रिका छापत. तिथली वाट आमच्या फादरांच्या शिफारशीवरून जात होती. फादर नवे होते, तरुण होते, वाचणारे होते. मी त्यांना हस्तलिखित दिलं होतं आणि ते अजून त्यांच्या टेबलावर होतं.

तर त्या मे महिन्यात मास्तर नव्हते, आणि पहिल्याच संध्याकाळी चणे संपल्यावर आय उठून म्हणाली, "आमची लिवते ना कायतरी. ती वाचेल." मला विचारलं नव्हतं. मी घरी जाऊन माझ्याजवळची प्रत आणली आणि पहिलं प्रकरण वाचलं.

संतांची चरित्रं लोक शांतपणे ऐकत. सांतानच्या बाबतीत तसं झालं नाही. तो बिल्डरच्या कागदावर सही करायला निघाला तेव्हा मागून आळीतले इनास काका म्हणाले, "थांब. इंजिन चालू ठेवून गेला का हा?" मी वाचलं होतं की इंजिनाचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "डिझेल कोन भरनार? तुझा बाप?" माझे बाबा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "त्याला आता डिझेलचं काय? विकतोय तो." मग त्यावर चर्चा झाली आणि मला पुढे वाचता आलं नाही. चौथ्या की पाचव्या संध्याकाळी इनास काकांनी सर्वांदेखत विचारलं, "सेलीन, खरं सांग. हा मी हाय का?" त्यांनी आदल्या वर्षी बोळिंजच्या बाजूची खाचरं विकली होती. रेजिना मावशी पायरीवरून वळली. "तू कसला? सांतान दिसायला चांगला हाय, तिनं लिवलंय तसं." सगळे हसले, काकाही हसले, आणि दुसऱ्या दिवशी सर्वांच्या आधी येऊन बसले.

रेजिना मावशी नात्याने कोणी नव्हती. शेजारीण. तिचा पानवेलीचा मळा होता, आणि सकाळी ती बोळिंज नाक्यावर भाजी घेऊन बसे. आवाज मोठा, हात मोठे, तोंड सुटलेलं. वाचन सुरू असताना ती सांतानशी थेट बोले. "नको करू रे सही." "जा भावाकडं, पड पाया." त्याने केली सही आणि तो पडला नाही पाया, की माझ्याकडे पाही. मी पुढे वाचत राही. आज मला लेखकांच्या मेळाव्यांत वाचकांविषयी बोलायला बोलावतात, तेव्हा मी याच संध्याकाळींवर बोलते. लिहिलेल्या ओळीवर माणूस चणा चावायचा थांबला की ती ओळ ठेवायची, ही परीक्षा मला तिथे मिळाली आणि त्यानंतर मी दुसरी शोधली नाही.

शेवटचं प्रकरण एका रविवारी वाचलं. शेवटचं वाक्य संपलं. इनास काकांनी उठून टोपी घातली. रेजिना मावशी मात्र माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"संपली?"

"संपली."

"म्हंजे त्याला पुरला आनि झालं? मिस्सा नाय?"

"नाही. भावांनी दिली नाही."

"भाव ऱ्हाऊ दे. तुला देता नाय आली? मारलंस तू, न् मिस्सा द्यायला भाव पायजेत?"

आय म्हणाली, "रेजिना, गोष्ट हाय ती."

"म्हायती हाय," मावशी म्हणाली. "मी काय येडी हाय?" आणि पानावरचे उरलेले चणे पदरात बांधून घरी गेली.

पुढच्या रविवारी सकाळच्या मिस्साला चर्च भरलेलं होतं. फादर वेदीसमोर आले आणि नेहमीप्रमाणे हेतू, म्हणजे मिस्सा कोणासाठी आहे ते, वाचू लागले. एका म्हातारीच्या वर्षाची मिस्सा, एका कुटुंबाचे उपकारस्मरण, आणि मग: "मयत सांतान, राहणार रहाटआळी, समुद्रात बुडून मरण, सातव्या दिवसाची मिस्सा." बाकांवरून एक कुजबुज उठली आणि ती आमच्या आळीच्या बाकांवर येऊन थांबली. इतर आळ्यांतली माणसं एकमेकांना विचारू लागली, कोण गेला, कधी गेला, आम्हाला कसं कळलं नाही. आमच्या आळीतली माणसं माझ्याकडे पाहत होती. रेजिना मावशी दुसऱ्या रांगेत गुडघे टेकून होती. तिने मान वर केली नाही. माझी मान खाली होती, पण खरं सांगायचं तर मला शरम वाटली नाही. अण्णांच्या भाषेत सांगायचं तर बातमी पोचली होती.

मिस्सा संपल्यावर दोन म्हाताऱ्या दफनभूमीत नवी कबर शोधून आल्या. ती न सापडल्यामुळे त्या फादरांकडे गेल्या. दुपारी फादरांनी मला बोलावलं. मी गेले तेव्हा मावशी आधीच तिथे बसली होती, पिशवी मांडीवर.

माझं हस्तलिखित फादरांच्या टेबलावर होतं, आणि आता ते उघडं होतं. त्यांनी ते सकाळपासून बसून वाचलं होतं.

"सेलीन, हा माणूस कधी जन्मला?" त्यांनी विचारलं.

"जन्मला नाही, फादर."

"मग मेला कसा?"

"चांगला मेला," मावशी म्हणाली. "अर्धी आळी रडली."

फादरांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ते रागावले नव्हते. ते काळजीत होते, आणि त्यांची काळजी रास्त होती. वेदीसमोरून वाचलेलं नाव खरं असलं पाहिजे, ही माझ्या धंद्यातली शिस्त त्यांच्याही धंद्यात होती. ते म्हणाले, "आणि येशूच्या दाखल्यांचं, त्याने रचून सांगितलेल्या गोष्टींचं, मला सांगू नकोस. उधळ्या पुत्राची गोष्ट सांगणारा वेगळा होता." मी ते सांगणार नव्हते, पण आता सांगता येत नव्हतं हेही खरं. मग ते मावशीकडे वळले. "बाई, न जन्मलेल्या माणसाच्या आत्म्यासाठी मिस्सा होत नाही. तुमच्या मनात दया आली, चांगलं झालं. महिन्याच्या मिस्साला आपण असं करू: ज्यांच्यासाठी प्रार्थना करणारं कोणी नाही, अशा सर्वांसाठी. ठीक?"

"सगळ्यांसाठी नको," मावशी म्हणाली. "सगळ्यांसाठी तुमी रोजच करता. सांतानसाठी."

"पण तो नाही!"

"म्हनून तर त्याचं कोन नाय."

 फादरांनी हस्तलिखित माझ्याकडे सरकवलं आणि आपला विचार सांगितला. पुस्तक त्यांना आवडलं होतं. छापखान्याला ते त्याच आठवड्यात शिफारस करणार होते. छपाई होईल, सणाच्या दिवशी चर्चच्या आवारात टेबल मिळेल, प्रत्येक घरात प्रत जाईल. अट एकच. शेवटी एक पान वाढवायचं. मोठा भाऊ पश्चात्ताप करतो आणि सातव्या दिवशी मिस्सा ठेवतो. "एवढंच. लोकांचा गोंधळ मिटेल, बाईंचं समाधान होईल, आणि पुस्तक ख्रिस्ती होईल."

मी एक दिवस मागून घेतला. तो मला लागणार नव्हता, पण फादरांना लगेच नाही म्हणणं बरं दिसलं नसतं.

त्या संध्याकाळी मी अण्णांना सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसले. "जिवंत माणूस मेला असं छापलं तर मी दुरुस्ती टाकतो," ते म्हणाले. "न जन्मलेला माणूस मेला असं छापलं तर काय टाकायचं, मला माहीत नाही." मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "भाऊ मिस्सा ठेवतो का?" मी म्हटलं, नाही ठेवत. मी त्या भावाला ओळखते. "मग ठेवली तर ती चुकीची बातमी," अण्णा म्हणाले. "अंक छापून झाला की मशीन चार दिवस रिकामी असते. कागद तुझा."

घरी बाबा सुकेळी बांधत होते. आय म्हणाली, "एक पान तर लिवायचंय. फादर मागतात तर दे ना बाय. छापून येईल, नाव होईल." मी तिला सांगायला लागले की ते पान मी लिहिलं तर रेजिना मावशीने जे केलं त्याला काही अर्थ उरत नाही, भावाने मिस्सा दिली असती तर मावशी चर्चला गेलीच नसती, क्रुसाला हार घालून झोपली असती, ती गेली कारण मी जागा मोकळी सोडली होती. आयला हे पटलं असं दिसलं नाही. बाबांनी गाठ मारली आणि म्हणाले, "सेलीन, भाव पस्तावले नाय ना?" मी म्हटलं, नाही. "मग कशाला लिवायचं?" आमच्या घरात या विषयावर झालेलं हे शेवटचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी मी फादरांना नाही सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही, पण त्यांनी आवाज चढवला नाही. आवारात टेबल मिळणार नाही, एवढंच म्हणाले. मी म्हटलं, बरं.

पुस्तक अण्णांच्या मशीनवर छापलं गेलं. खिळे जुळवणारा माणूस ख्रिस्ती नावांना वैतागला होता, म्हणून मुद्रितं मी स्वतः चार वेळा तपासली. पहिल्या पानावर प्रकाशक म्हणून माझंच नाव आहे. त्यानंतरच्या प्रत्येक पुस्तकावर तेच आहे, आणि आता पुस्तकं बरीच झाली. हल्ली तरुण लेखक मला विचारतात की प्रकाशक नसताना एवढी वर्षं कशी काढली. त्यांना वाटतं, मी काहीतरी धाडसाचं सांगेन. मी त्यांना सांगते की एका बाजूला माझा माणूस फार ख्रिस्ती होता आणि दुसऱ्या बाजूला पुरेसा ख्रिस्ती नव्हता, आणि मधे जेवढी जागा होती तेवढी मला पुरली. आज ते फोनवर पुस्तक काढतात, घरबसल्या. चांगलं आहे. फक्त चणे खात ऐकणारी माणसं त्यांना शोधावी लागतील.

चर्चचा सण हिवाळ्यात असे. आवाराच्या फाटकाबाहेर खाज्यांची आणि फुग्यांची दुकानं लागत. बाबांनी केळीच्या सुकलेल्या सोपटाने पुस्तकांचे गठ्ठे बांधले, केळी बांधायचे तसेच, आणि खाज्यांच्या दुकानाशेजारी एका उलट्या टोपलीवर मांडले. रेजिना मावशी नाक्यावर भाजीचा पुकारा करायची त्याच आवाजात पुकारू लागली: "सांतान घ्या, सांतान! बुडालेला सांतान!" इनास काकांनी पहिली प्रत घेतली आणि उभ्याउभ्या शोधू लागले की डिझेलचं काय केलं आहे. मिरवणूक आत गेल्यावर फादर फाटकाशी आले. त्यांनी एक प्रत उचलली, सरळ शेवटचं पान उघडलं, वाचलं.

"तसंच ठेवलंस."

"तसंच, फादर."

त्यांनी प्रत विकत घेतली आणि झग्याच्या खिशात घातली.

मावशीने महिन्याची मिस्सा मागितली होती तेव्हा त्यांनी ती "प्रार्थनेविना राहिलेल्या सर्वांसाठी" अशीच वाचली होती, आणि मावशी त्या दिवशी चर्चमधून तरातरा बाहेर पडली होती. पुढच्या मे महिन्यात ती वर्षाची मिस्सा घेऊन पुन्हा त्यांच्या दारात गेली. आत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही; मी नंतर दोघांनाही विचारलं, दोघांनीही सांगितलं नाही. तिला सांतानचं एवढं का, हेही मी पुष्कळ शोधलं. तिचा कोणी बुडालेला भाऊ नव्हता, विकलेली जमीन नव्हती, कोणी मिस्सावाचून गेलेलं नव्हतं. कारण सापडलं नाही, म्हणून मी ते इथे लिहीत नाही. त्या रविवारी फादर वेदीसमोर आले, हेतू वाचले, शेवटच्या नावाशी किंचित थांबले, आणि म्हणाले: "सांतान. आपल्या रहाटआळीचा. वर्षाची मिस्सा." मयत हा शब्द त्यांनी वाचला नाही. मला वाटतं, त्यांची तेवढी सचोटी होती.

मावशी जाऊन आता बरीच वर्षं झाली. शेवटच्या आजारात ती मला म्हणाली होती, "माझी मिस्सा माझी पोरं देतील. सांतानची तू दे. तुझाच हाय तो." मी देते. फादर बदलत गेले. रहाटआळीही राहिली नाही. बावखलं भरली गेली, कादंबरीत भरलं होतं तसंच, पण एकेक करून, सगळ्यांच्या सह्यांनी, माझ्या चुलतभावांच्या सहीनेसुद्धा. क्रूस आता दोन इमारतींच्या मधल्या पार्किंगमध्ये आहे. इमारतींची नावं इंग्रजी आहेत आणि तिथे राहणाऱ्यांना जागेचं जुनं नाव विचारलं तर सांगता येत नाही. या वर्षी मिस्सा ठेवायला गेले तेव्हा कार्यालयात नवीन मुलगी होती, कॉम्प्युटरवर.

"मयताचं पूर्ण नाव, आंटी?"

"सांतान."

"आडनाव?"

"नाही."

तिने वर पाहिलं. "तुमचे कोण लागतात?"

तीस वर्षं मी बातमीत न तपासलेलं एकही नाव जाऊ दिलं नाही. "आमच्या आळीतला," मी म्हटलं. "रहाटआळी. तेही लिही."

तिने लिहिलं. रविवारी नव्या फादरांनी ते जसंच्या तसं वाचलं, सांतान, रहाटआळी, आणि भरलेल्या चर्चमध्ये कोणीही मान वळवून पाहिलं नाही.